सुटणारे बंध, न सुटणारा बंध



'बंध' हा आपल्या मराठीतला फार राबणारा शब्द आहे. शेताचा बांध (आमच्या वऱ्हाडात त्याला धुरा म्हणतात), नाल्यावरचा बंधारा, राखीचं बंधन, लग्न जमवताना विचारतात तो संबंध, आणि मी चौतीस वर्षं पोरांकडून लिहून घेतले ते निबंध. सगळे एकाच घरचे. या सगळ्यांत मला आवडतो तो 'ऋणानुबंध'. घेतल्यादिल्याच्या हिशेबातून माणसं एकमेकांना बांधली जातात, हे त्या एका शब्दात किती छान सांगितलंय!

मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. बी.ए. केलं तेव्हा अमरावतीही नागपूर विद्यापीठातच होती. विज्ञानाशी माझा संबंध शाळेच्या वेळापत्रकापुरता. पण निवृत्तीनंतर नातवंडांचा अभ्यास घेता घेता विज्ञानाची पुस्तकं हातात आली. त्यात एक दिवस वाचलं, की मूलद्रव्याचा अणू इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा त्याच्यावर 'ऋण' प्रभार येतो. म्हणजे अणूसुद्धा घेतलं की ऋणात राहतो! भाषेच्या बाईला एवढा धागा पुरे होतो. तेव्हापासून मी रसायनशास्त्र वाचते आहे. समीकरणं सोडते, गोष्ट धरते. आमच्या शाळेतले रसायनशास्त्राचे सर अजून गावातच आहेत. अडलं की त्यांना फोन करते. ते म्हणतात, "बाई, या वयात?" मी म्हणते, "मग कोणत्या वयात?"

असो. आज लिहायचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल. त्याआधी अणू एकमेकांना कसे बांधले जातात ते माझ्या भाषेत सांगते. सायन्सवाल्या भाचे-भाच्यांनी सांभाळून घ्यावं.

अणूच्या मध्यभागी केंद्रक आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन. या इलेक्ट्रॉनांच्या कक्षा असतात. सगळी भानगड सर्वांत बाहेरच्या कक्षेत. तिथे आठ इलेक्ट्रॉन झाले की बहुतेक अणूंना स्वस्थता लाभते. आठ नसतील तर कमीजास्त भरून काढण्याची धडपड सुरू. सोडियमजवळ एकूण ११ इलेक्ट्रॉन, बाहेरच्या कक्षेत एकच. क्लोरीनजवळ १७, बाहेर ७. एकाला एक जड झालेला, दुसऱ्याला एक कमी पडलेला. सोडियम आपला एक देऊन टाकतो, क्लोरीन घेतो. देणारा धन, घेणारा ऋण, आणि धन-ऋणाच्या ओढीने दोघे जवळ येतात. याला आयनिक बंध म्हणतात. सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा वायू पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, माणसं मारायला वापरला गेला. हे दोघे बांधले गेले की होतं आपलं मीठ. चिमूटभर वरणात!

दुसरा बंध भागीदारीचा. दोघांनाही इलेक्ट्रॉन हवेत, द्यायला कोणीच तयार नाही. मग दोघे एकेक मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघांची म्हणून धरतात. हा सहसंयुज बंध. १९१६ साली गिल्बर्ट लुईस या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही इलेक्ट्रॉनांच्या जोडीची कल्पना मांडली. मला मात्र हा बंध वाचल्याबरोबर सातबारा आठवला. दोन भावांची खातेफोड होते, वावरं वेगळी होतात, पण धुऱ्यावरची विहीर एकच राहते. सातबारावर लिहितात, 'सामाईक विहीर'. मग भाऊ बोलोत न बोलोत, त्या विहिरीपासून दोघांनाही लांब जाता येत नाही. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन असेच सामाईक विहिरींनी बांधलेले असतात.

आता अभिक्रिया म्हणजे काय? तर जुने बंध तुटणं आणि नवे जुळणं. यात एक गोष्ट मला उलटी वाटायची. वाटायचं, बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडत असेल, काहीतरी फुटल्यासारखी. सरांनी सांगितलं, तसं नाही. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि जुळताना ऊर्जा बाहेर पडते. याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. चुनखडीचा दगड भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तापवतात. एवढी आग दिली तेव्हा कुठे त्या दगडातले बंध तुटतात आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी शंभर किलो असेल तर ५६ किलो कळीचा चुना उरतो, ४४ किलो नुसता वायू होऊन हवेत! तो कळीचा चुना पाण्यात टाकला की नवे बंध जुळतात आणि पाणी खदखदायला लागतं. माझ्या वयाच्या लोकांनी दिवाळीआधी ही मजा घरोघरी पाहिली आहे. "पोट्टेहो, लांब व्हा!" असं कोणीतरी ओरडायचंच. मग तो चुना भिंतीला लागला की हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे राजूरच्या दगडाने भट्टीत सोडलेलं आपल्या माजघराच्या भिंतीवर परत धरलं.

सांगायचा मुद्दा असा, की धरणं आणि सोडणं ही दोन्ही कामं निसर्गात सारख्याच महत्त्वाची आहेत. आपण माणसं धरण्याचं फार कौतुक करतो. पण आपलं शरीर चालतं ते सोडण्यावर. हे मला फार उशिरा आणि वाईट कारणाने कळलं.

२०१७ सालचा तो पावसाळा आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. किडीचा जोर होता, बोंडअळीची भीती होती. फवारणीवर फवारणी चालली होती. उंच, दाट पऱ्हाटीत शिरून फवारा मारायचा म्हणजे औषधाचं धुकं थेट तोंडावर. वरून उकाडा, अंगात घामाने भिजलेला सदरा. कित्येकांनी दोन-तीन औषधं एकत्र करून मारली. जुलै-ऑगस्टपासून माणसं दवाखान्यात यायला लागली. कोणाला मळमळ, कोणाला चक्कर, कोणाला दिसेनासं झालेलं. यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले. जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं दगावली, शेकडो भरती झाली. त्यात मालक शेतकरी होते तसे रोजाने फवारणी करणारे मजूरही होते. सरकारने चौकशीला विशेष पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. देशभरचे पत्रकार आले आणि गेले.

त्या वेळी पेपरात रोज नावं यायची. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, आणखी कितीतरी. सगळी एकाच जातीची नव्हती आणि सगळ्यांना एकाच औषधाने बाधलं असंही नाही. पण ही 'फॉस' नावाची जी मंडळी, त्यांना ऑरगॅनोफॉस्फेट म्हणतात. त्यांचं विष म्हणजे काय असतं, ते शरीरात जाऊन नेमकं करतं काय, असं मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "बाई, एक बंध करतं. बस्, एकच."

तो बंध समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. शाळेतल्या फळ्याचा आधार घेऊन सांगते.

आपल्या नसेला स्नायूला काही सांगायचं असतं, म्हणजे हात उचल, श्वास घे, तेव्हा ती एक रसायन सोडते. अ‍ॅसिटिलकोलिन. हा निरोप्या. नसेने फळ्यावर एक ओळ लिहिली असं समजा. स्नायूने ती वाचली, काम केलं. आता पुढची ओळ लिहायची तर आधीची पुसायला हवी. त्यासाठी डस्टर आहे. त्याचं नाव अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. हे एक विकर आहे, म्हणजे शरीरातलं काम भराभर करून देणारं प्रथिन. या डस्टरच्या पोटात एक खोबण आहे आणि त्या खोबणीत ऑक्सिजनचा एक अणू टपून बसलेला आहे. निरोप्या आत आला की हा ऑक्सिजन त्याचा एक तुकडा धरतो. सहसंयुज बंध जुळतो, निरोप्याचे दोन तुकडे होतात, निरोप पुसला जातो. लगेच पाण्याचा एक रेणू येतो, तो धरलेला तुकडा सोडवून नेतो आणि डस्टर पुन्हा मोकळं. धरलं, सोडलं. धरलं, सोडलं. एक डस्टर सेकंदाला हजारो वेळा हे करतं! मी हे लिहितेय, तुम्ही वाचताय, आपली बोटं आणि डोळे हलताहेत, ते सगळं या धरण्या-सोडण्यावर.

आता औषध आत येतं. त्याच्या मध्यभागी फॉस्फरसचा अणू. डस्टरचा ऑक्सिजन त्याला नेहमीच्या सवयीने धरतो. बंध जुळतो. पाणी येतं सोडवायला, पण या वेळी सुटत नाही. जे काम क्षणाच्या हजाराव्या भागात व्हायचं त्याला कित्येक तास, कधी दिवस लागतात. डस्टर फळ्याला चिकटून बसलं असं समजा. नस लिहीतच राहते, ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, आणि पुसणारं कोणी नाही. म्हणून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी वाहतं, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. स्नायू थरथरतात, मग दमून पडतात. छातीत पाणी भरल्यासारखं होतं आणि श्वास थांबतो.

किडीच्या शरीरातही हेच डस्टर असतं, म्हणून कीड मरते. फॉस्फरसच्या अणूला कीड कोण आणि माणूस कोण हे कळत नाही. त्याला फक्त खोबणीतला तो ऑक्सिजन कळतो.

याचा इतिहासही मी शोधला, इतिहास शिकवलाय ना शेवटी! १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनतज्ज्ञ पिकांवरच्या किडीसाठी औषध शोधत होता. त्याने बनवलेल्या एका पदार्थाने त्याच्या स्वतःच्याच बाहुल्या आकसल्या, श्वास जड झाला. तो पदार्थ म्हणजे टाबुन. जर्मन लष्कराने तो उचलला आणि त्यातून युद्धातले विषारी वायू आले. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडलेला सारिन त्याच कुळातला. ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण बंध तोच. शहरातल्या माणसाला सारिन म्हटलं की धडकी भरते. त्याचा धाकटा भाऊ आमच्याकडे खताच्या दुकानात मिळतो आणि आम्ही त्याला 'औषध' म्हणतो. "औषध मारलं का वावरात?" असं सहज विचारतो. भाषेची बाई म्हणून मला हा शब्द आता घशाखाली उतरत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते, जिच्यासाठी हा लेख लिहितेय.

हा न सुटणारा बंध पहिल्या काही तासांत सोडवता येतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत आयर्विन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रसायन शोधलं, प्रॅलिडॉक्सिम. दवाखान्यात त्याला 'पाम' म्हणतात. हा रेणू खोबणीत शिरतो आणि स्वतःच्या ऑक्सिजनने त्या फॉस्फरसला आपल्याकडे ओढतो. म्हणतो, याला सोड, मला धर. फॉस्फरस पामकडे गेला की डस्टर मोकळं.

पण उशीर झाला तर? तर फॉस्फरसला चिकटलेला एक छोटा भाग गळून पडतो आणि मागे ऑक्सिजनवर ऋण प्रभार राहतो. त्या ऋणाने पकड पक्की होते, आणि पामचा ऑक्सिजनही ऋणच असल्याने त्याला जवळ येणं अवघड होतं. मग तो बंध पामने सुटत नाही. शरीराने नवं विकर तयार करायचं, त्याला दिवस, आठवडे लागतात. तोवर माणसाला डॉक्टरांनी आणि मशिनने जगवायचं. कोणत्या औषधात हे किती लवकर होतं ते वेगवेगळं आहे. मोनोक्रोटोफॉससारख्यांत काही तासांतच बरंचसं होऊन जातं. या पक्कं होण्याला डॉक्टर 'एजिंग' म्हणतात. म्हणजे बंधाचं वय होणं! पंचाहत्तरीच्या मला हा शब्द वाचून आधी हसू आलं. वय झालं की माणूस सोडवता येत नाही म्हणे. मग त्याच सप्टेंबरातली एक संध्याकाळ आठवली आणि हसू गेलं.

आमच्या गल्लीतला एक जण (नाव लिहीत नाही) दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणी करायचा. २०१७ च्या सप्टेंबरात एक दिवस चारच्या सुमारास घरी आला आणि बाजेवर पडला. त्याची बायको माझ्याकडे लिंबू मागायला आली. "ऊन लागलं असन, बाई. मळमळते म्हणतात." लिंबू दिलं. सात वाजता पुन्हा आली, आता उलट्या होत होत्या. घरात म्हातारी होती. ती म्हणाली, "औषध मारून मारून थकला असन. रातच्याला कुठी नेता? सकाळी पाहू."

सकाळी पाहू! आपल्याकडे हा काही निष्काळजीपणा नसतो, मंडळी. रात्रीचा ऑटो म्हणजे पैसे, सकाळची एसटी म्हणजे तिकीट. दुसऱ्या दिवसाचा रोज बुडतो तो वेगळाच. त्या दोन शब्दांमागे अख्खं घराचं अंदाजपत्रक असतं. पण तिकडे खोबणीत फॉस्फरस बसलेला असतो आणि त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. तो रात्रभर पक्का होत असतो.

त्या घरात नववीतली मुलगी होती. ती रोज पेपर वाचायची आणि फवारणीच्या बातम्या तिला माहीत होत्या. तिने बापाच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला. बाहुल्या टाचणीएवढ्या. ती म्हातारीचं ऐकेना. तिने आणि आईने बापाचे औषधाने भिजलेले कपडे काढले, साबण-पाण्याने अंग धुतलं, तोवर शेजारच्या मुलाने ऑटो आणला. मुलीने आणखी एक गोष्ट केली. बाप सकाळी उरलेली बाटली पिशवीत घालून घरी घेऊन आला होता, ती बाटली तिने सोबत घेतली. आधी नेरला, तिथून रातोरात यवतमाळला. बाटलीवरचं नाव वाचून डॉक्टरांना काय करायचं ते लगेच कळलं. दहा-बारा दिवसांनी माणूस घरी आला. हातापायांत जोर यायला दिवाळी उलटली. आता तो फवारणीला जात नाही. पोरगी नर्सिंगला गेली. हे मात्र मला आनंदाने सांगावंसं वाटतं.

तिथे त्याला पाम दिलं, आणि त्याहूनही आधी दिलं अ‍ॅट्रोपिन. पामचा नक्की किती फायदा होतो याबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत, पण अ‍ॅट्रोपिनबद्दल नाहीत. आणि या अ‍ॅट्रोपिनची गोष्ट तर मला सगळ्यांत आवडली. ते काही बंध सोडवत नाही. निरोप्या जिथे जाऊन निरोप सांगतो त्या जागेवर ते स्वतः जाऊन बसतं. म्हणजे फळ्यावर कितीही लिहिलं गेलं तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर हात! स्नायूंचा अशक्तपणा त्याने जात नाही, पण लाळ थांबते, छाती मोकळी होते, माणूस श्वास घेतो. आणि ते त्या जागेला सामाईक विहिरीसारखं पक्कं बांधून घेत नाही. ढिल्या, हलक्या ओढींनी बसतं आणि काम झालं की उठून जातं. म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. जो बंध घट्ट तो मारतो, जो ढिला तो तारतो. अ‍ॅट्रोपिनच्या कुळातली द्रव्यं आपल्या धोतऱ्यात असतात, तोच जो धुऱ्यावर उगवतो आणि आपण महादेवाला वाहतो. (लगेच सांगून ठेवते, धोतरा हे औषध म्हणून कोणी चुकूनही देऊ नका. तो स्वतःच जहर आहे. दवाखान्यातलं इंजेक्शन मोजून दिलेलं असतं.)

कायद्याचंही सांगते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी होती, पण कापसाच्या नावाने ते मिळत राहिलं. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत स्वयंपाकाच्या तेलात हेच निघालं आणि २३ मुलं गेली. शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला तो आकडा वाचवत नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२३ साली, केंद्र सरकारने त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला. चांगलं झालं. पण त्या कुळातली इतर भावंडं बाजारात आहेत आणि खोबणीतला ऑक्सिजन तोच आहे.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यांना हातमोजे आणि मास्क का घालत नाहीत? एकदा ऑगस्टच्या दुपारी, पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन, प्लास्टिकचा अंगरखा घालून, पऱ्हाटीत तासभर चालून पाहा. मग बोलू. साधनं हवीतच, पण इथल्या उन्हात घालता येतील अशी हवीत. तोवर जे आपल्या हातात आहे ते आपण सांगत राहायचं.

मी आमच्या बचत गटाच्या बायकांना दर पोळ्याच्या आधी हे सांगते. बायकांना अशासाठी, की औषधात कालवायचं पाणी त्याच भरतात आणि भिजलेले कपडे त्याच धुतात. बाधा त्यांनाही होते आणि घरातल्या माणसाकडे पहिलं लक्षही त्यांचंच जातं. डस्टरची गोष्ट सांगते. खोबण, ऑक्सिजन, फॉस्फरस, सगळं सांगते. एकदा एकजण म्हणाली, "बाई, आमाले हे सायन्स कायले? काय करायचं तेवढं सांगा." मी म्हटलं, नुसतं 'लवकर न्या' हे तर पन्नास वर्षं सगळे सांगताहेत. लवकर का, हे कळलं तरच रात्रीच्या ऑटोला पैसे निघतात. आत काहीतरी घट्ट होत चाललंय हे डोळ्यांपुढे दिसलं, की 'सकाळी पाहू' तोंडातून निघत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे गाठ ओली हाय तोवरच सुटते." इतकं नेमकं मला नसतं सांगता आलं.

तर वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांचं घर, वावर, भाऊबंद अजून गावाकडे आहेत, त्यांनी एवढं फोनवर सांगावं. फवारणीनंतर मळमळ, लाळ, घाम, धूसर दिसणं, छाती जड होणं, यांतलं काही झालं तर कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. धुणाऱ्यानेही हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी. औषधाची बाटली किंवा डबा, निदान त्याचं लेबल, सोबत न्या. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्यालाही पाणी समजू नये. रिकाम्या डब्यात तेल-पाणी कधीच भरू नये. आणि रात्र झाली म्हणून थांबू नये.

माझ्या मोठ्या मुलीला परवा फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू आता केमिस्ट्रीची टीचर झालीस." झाले नाही गं. मला एवढंच कळलं, की मिठातला बंध असो, विहिरीतला असो की खोबणीतला, अणू तिथे बांधले जातात ते आपापल्या गरजेने. त्यात चांगलं-वाईट काही नाही. चांगलं-वाईट ठरतं ते कुठला बंध कधी सुटतो यावरून, आणि काही बंध सोडवायला माणसालाच वेळेवर धावावं लागतं.

तुमच्या भागात फवारणीच्या दिवसांत काय काळजी घेतात, कोणते शब्द वापरतात, ते जरूर कळवा. 'औषध'ऐवजी दुसरा शब्द कोणाकडे रूढ असेल तर तो मला हवा आहे. सापडला तर यंदाच्या पोळ्यापासून आमच्या गटात तोच वापरीन.